हातात धरलेली सायकल

रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला दादा नवी सायकल घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. जाताना पायी, येताना पायी. सायकल हातात.

त्यात नवं काही नव्हतं. गेली बेचाळीस वर्षं दुकानात येणारी प्रत्येक नवी सायकल दादांनी अशीच टाकीपर्यंत नेऊन आणली होती. अप्पांचा तसा नियमच होता. दुकान तिन्ही मुलांच्या नावावर केलं त्या दिवशी त्यांनी तिघांना कामाच्या खोलीत ओळीनं उभं केलं आणि सांगितलं, "जी सायकल तुम्ही तिघांनी टाकीचा चढ चढवून आणली नाही, ती माझ्या दुकानाच्या काचेत लागणार नाही." मधले नाना भर दुपारी सगळ्यांच्या देखत जात आणि घामाघूम होऊन, तरी शीळ घालत परत येत. धाकटी बेबी जाताना घंटी वाजवत जायची आणि येताना दोन्ही हात सोडून यायची. दादा मात्र पहाटे एकटे. "गर्दीत मला सायकल कळत नाही," असं ते म्हणत, आणि सगळे समजुतीनं मान हलवत. भिडस्त माणूस. चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढलेल्या. त्याला शांतता लागणारच.

खरी गोष्ट अशी होती की दादांना सायकल येत नव्हती.

बहात्तर वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यात न ओळखणाऱ्यांचा तरी काय दोष? सुताराच्या मुलाला कोणी विचारतं का, बाबा रे, तुला खिळा ठोकता येतो ना? ज्या घरात पोरं चाकातले छर्रे मोजून आकडे शिकली, त्या घरातल्या थोरल्याला सायकल येते की नाही, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. त्यातून दादा सायकलीशिवाय कधी दिसत नसत. छापखान्यात जाताना सायकल हातात, वाचनालयातून येताना सायकल हातात, कॅरिअरवर पुस्तकांचा गठ्ठा. कोणी म्हणे, पुस्तकं पडतील म्हणून बसत नाही. कोणी म्हणे, विचारात असतो, बसायचं विसरतो. दादांनी कोणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. खोटं ते एकदाही बोलले नव्हते. फक्त दुरुस्ती करायची राहून गेली होती, आणि ती दर वर्षी थोडी जास्त अवघड होत गेली होती.

गंमत म्हणजे सायकलीतलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळे. शेजारून चालणाऱ्याला जे ऐकू येतं ते वर बसणाऱ्याला येत नाही. मागच्या चाकाला केसभर आउट आहे, म्हणजे ते फिरताना डुलतं, चेन एका ठराविक दाताशी कुरकुरते, हँडल मनातून डावीकडे ओढतं, असं सगळं ते परत आल्यावर एका वहीत लिहीत. नाना ते अभिप्राय दुकानात मोठ्यानं वाचून दाखवत आणि म्हणत, "बसल्या बसल्या हे ओळखायला कान लागतो, कान!" दादा अशा वेळी चहाच्या कपात बघत राहत.

आजची सायकल मात्र बॅटरीची होती.

वर्षभरात गावातल्या म्हाताऱ्यांना काय झालं होतं कोण जाणे. दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून घरात बसल्या होत्या, त्या एकदम लाल सायकलवर दिसायला लागल्या. निवृत्त पोस्टमननं आयुष्यात पुन्हा सायकलला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. तो आता संध्याकाळी जुनाच सगळा फेरा हौसेनं मारत होता, फक्त पत्रांशिवाय. तीस वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन मुख्याध्यापिका चढावर शर्यत लावत होत्या. या सगळ्यांनी सायकली घेतल्या बाजारातल्या नव्या शोरूममधून, आणि हवा भरायला मात्र येत नानांकडे. नाना हवा भरून देत आणि त्या बॅटरीकडे असं बघत, की जणू कोणी जेवणाच्या ताटात चप्पल ठेवली आहे.

नानांची मुलगी ठमी गेली सहा वर्षं दुकान सांभाळत होती. बॅटरीच्या सायकलींची एजन्सी घ्यायची तिनं ठरवलं होतं. कागद तयार होते, नमुन्याची एक सायकल दोन दिवसांसाठी आली होती, आणि उद्या सोमवारी एक तर सही करायची नाही तर सायकल परत पाठवायची. परत पाठवली तर आपण बाजारातल्या त्या शोरूममध्ये नोकरी धरू, असंही तिनं सांगून ठेवलं होतं. धमकी म्हणून नव्हे. ठमी धमक्या देणारी नव्हती, म्हणूनच सगळे घाबरले होते.

दादांनी सायकल दुकानाबाहेर काढली तेव्हा तिच्या वजनानं ते उंबऱ्यातच अडले. हे धूड टाकीपर्यंत ढकलायचं? मग डाव्या मुठीशी त्यांना एक लहानशी कळ दिसली. तिच्यावर चित्र होतं, सायकल हातात धरून पायी चालणाऱ्या माणसाचं.

दादा त्या चित्राकडे बराच वेळ बघत उभे राहिले. जगात कुठेतरी, कुठल्या तरी कारखान्यात, कोणीतरी आपला विचार केला होता.

त्यांनी कळ दाबून धरली. सायकल हलकेच पुढे झाली आणि त्यांच्या चालीनं चालू लागली. चढ आला तरी तीच चाल. शहाण्या वासरासारखी ती शेजारून येत होती. वर टाकीपाशी डॉक्टरीणबाई भेटल्या.

"काय हो सायकलवाले, उतरलात का?"

"जरा... चढ बघतो आहे," दादा म्हणाले.

"बघा, बघा. मी तर आता चढ शोधत फिरते!" असं म्हणून त्या भुर्रकन खाली गेल्या.

परत आल्यावर दादांनी वही काढली आणि मनापासून लिहिलं.

दहा वाजता सगळे कामाच्या खोलीत जमले. दुकानाबद्दल काही ठरवायचं असलं की याच खोलीत, उभ्यानं. हवेच्या पंपाच्या वर भिंतीवर अप्पांनी तांबड्या रंगात लिहिलेली यादी होती, कोण कितव्या वर्षी सायकल शिकलं त्याची. थोरला, सहा वर्षे. मधला, चार वर्षे. बेबी, पाच वर्षे. त्याखाली नानांच्या अक्षरात : ठमी, साडेतीन वर्षे. दादा नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून उभे राहत. आजही तसेच उभे राहिले.

भावजयीनं, म्हणजे ठमीच्या आईनं, कामाच्या टेबलावरचे पाने बाजूला सारून चहा आणि बिस्किटं मांडली. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली, आणि बेबी स्वतःच्या निळ्या बॅटरीच्या सायकलवरून थेट दारापर्यंत आली. बेबी सहासष्ट वर्षांची होती, अठ्ठावीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आणि तिला दुसऱ्या नावानं हाक मारायचं कोणाला सुचलं नव्हतं. ही निळी सायकल तिनं बाजारातून घेतल्यापासून नानांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याला तीन आठवडे झाले होते.

"बाहेर लाव," नाना म्हणाले.

"लावते की. कुलूप घालू का? इथे चोर नाहीत ना?"

"चोर नाहीत. घरभेदी आहेत."

"वहिनी, ऐकलंस? बोलला!" बेबीनं टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं, महिन्याच्या आत तोंड उघडेल म्हणून?"

"तुम्ही भावंडं भांडा निवांत," भावजय म्हणाली. "पण चहा गरम आहे तोवर प्या. मी दुसऱ्यांदा करणार नाही."

ठमी कागद हातात घेऊन पुढे झाली. "बाबा, पाच मिनिटं माझं ऐका. गेल्या महिन्यात आपल्याकडे हवा भरायला एकोणतीस बॅटरीच्या सायकली आल्या. सगळी साठीच्या पुढची माणसं. त्यांना दुरुस्ती आपल्याकडे हवी आहे, कारण तुमच्या हातावर त्यांचा विश्वास आहे. आणि आपण त्यांना काय देतो? हवा."

"हवा चांगली देतो," नाना म्हणाले.

"बाबा!"

"अगं, सायकल म्हणजे काय? माणूस आणि रस्ता. मध्ये तिसऱ्याचं काम नाही. पाय मारायचे माणसानं आणि ढकलणार मोटार? त्यापेक्षा घरी खुर्चीत बसा आणि खुर्ची ढकलायला माणूस ठेवा."

"तुझ्या गुडघ्यांचं काय चाललंय?" बेबीनं विचारलं.

"उत्तम चाललंय."

"मग माळ्यावरून सुटे भाग घेऊन येताना जिना उलटा का उतरतोस?"

"व्यायाम असतो तो."

"अठ्ठावीस वर्षं मी व्यायाम बघितले. उलट्या जिन्याचा नव्हता बघितला."

भावजयीनं तोंडाला पदर लावला. नानांनी तिच्याकडे रोखून बघितलं, आणि मग ते टेबलावर हात टेकून म्हणाले, "हे बघा, मी नियम मोडलेला नाही. काल ही सायकल टाकीपर्यंत मी नेली. मोटार बंद करून नेली. सायकल म्हणून ती कशी आहे ते बघायला. जड आहे. माझं मत संपलं."

"आणि काल रात्रीपासून गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी," भावजय बिस्किटांच्या डब्याला म्हणाली.

"माझं मत, घ्यावी," बेबी म्हणाली. "मी काल संध्याकाळी नेली. माझ्या मोटारीहून हिची मोटार शांत आहे. माझी कुरकुरते."

"बाजारातून आणली की कुरकुरणारच," नाना म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. कारण हे वाक्य नक्की कोणाच्या बाजूनं गेलं ते त्यांनाच कळेना.

दोघांची तोंडं दोन दिशांना झाली की दादांची वही उघडायची, हीही अप्पांच्या काळापासूनची रीत. ठमीनं वही घेतली आणि वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तिचा आवाज खुलत गेला.

"घंटी गोड. मागचं चाक बिनआवाजाचं. चढावर ओढ सारखी, कुठेही हिसका नाही. उतारावर ब्रेक हलक्या हाताला मानतात. वजन फार आहे, पण ते आपल्याला उचलावं लागत नाही. घाई करत नाही, मागेही राहत नाही. उतारवयात सोबत म्हणून हिच्यासारखी सायकल मी आजवर पाहिली नाही. ठेवावी."

"काका!" ठमी म्हणाली.

"सोबत म्हणून?" नानांनी भुवई उंचावली. "हे काय कोणाचं लग्न जमवतोस काय? ठमे, तुझं ते यंत्र सगळं टिपून ठेवतं ना? बघू दे, दादानं केवढी पळवली ती."

"बघाच. मी पहाटे आकडे शून्यावर आणून मगच काकांच्या हातात दिली." ठमीनं हँडलवरच्या चौकोनी काचेवर बोट टेकवलं. "अंतर, दोन किलोमीटर सहाशे मीटर. वेळ, अठ्ठेचाळीस मिनिटं. जास्तीत जास्त वेग..."

तिनं काच बाहीनं पुसली आणि पुन्हा बघितलं.

"बोल की. आत्याचा चोवीस होता. दादाचा किती?"

"सहा."

"सव्वीस?"

"सहा, बाबा."

दादांनी त्या काचेकडे पाहिलं. यंत्र टिपून ठेवतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बेचाळीस वर्षांत एकही सायकल त्यांच्याबद्दल काही बोलली नव्हती.

"उतारावर सहा!" नाना टेबलापासून सरळ उभे राहिले. "अरे, त्या उतारावरून रिकामी बादली सोडली तर ती जास्त जोरात येईल! आता कळलं मला. बेचाळीस वर्षं कुठल्याही सायकलीला न भ्यालेला हा माणूस, या यंत्रावर ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून खाली आला. आणि वहीत गोड गोड लिहिलं. का? तर पुतणीचं मन मोडवेना. दादा, तुझी भीड आम्हाला माहीत आहे. पण म्हाताऱ्या माणसांच्या हाडांचा प्रश्न आहे. खरं सांग. भीती वाटली की नाही?"

ठमीनं कागदांची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"काका, तसं असेल तर सांगा," ती म्हणाली. "मला राग नाही येणार. सायकल उद्या परत देते, नि बाजारात हो म्हणून सांगते. दुकान काय, बाबा सांभाळतीलच."

एक 'हो' म्हटलं की झालं. नुसती मान हलवली तरी पुरे. कोणालाही काहीही कळणार नव्हतं, आणि जी काही वर्षं उरली आहेत ती सायकल हातात धरून आरामात गेली असती. दादांनी मान हलवायची तयारीही केली. पण ठमीच्या हातातली वही उघडीच होती. त्या वहीत त्यांनी एकही अभिप्राय खोटा लिहिला नव्हता. भिडेनं लिहिलेला म्हणून हा एक आता खोटा ठरणार होता, तोही नेमका सगळ्यात खरा.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी तो पुन्हा काढला. "नाही. तो सायकलीचा वेग नाही. माझा आहे. मी शेजारून चालत होतो."

"चढावर ना? चढावर उतरलास, ते ठीक आहे..."

"सगळीकडे. जाताना आणि येताना. याच सायकलीला नव्हे, सगळ्याच सायकलींना." दादांनी चहाच्या कपात बघितलं. कप रिकामा होता. "मला सायकल येत नाही."

पहिल्यांदा बेबी हसली. मग तिनं दादांचा चेहरा बघितला आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

"येत नाही म्हणजे? विसरलास?"

"आलीच नाही कधी."

"मला वाटलंच होतं," भावजय म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"असं काय बघता? लग्न होऊन आले तेव्हा सगळं घर एकत्र होतं, धुणं माझ्याकडे होतं. तुम्हा सगळ्यांच्या उजव्या पायाला चेनचं काळं वंगण. घासून घासून माझी बोटं दुखायची. भाऊजींची पँट तेवढी नेहमी स्वच्छ. मी म्हटलं, हा माणूस सायकलवर बसतो तरी कधी?"

"आणि पस्तीस वर्षांत बोलली नाहीस?" नाना ओरडले.

"मला कोणी विचारलं? या घरात मध्ये बोलायला जागा कुठे मिळते?"

नाना तावातावानं भिंतीपाशी गेले आणि त्यांनी अप्पांच्या अक्षरावर बोट ठेवलं. "आणि हे? थोरला, सहा वर्षे. हे अप्पांनी लिहिलंय. अप्पा खोटं लिहितील?"

"अप्पांना खरंच वाटलं होतं," दादा म्हणाले. आता सुरुवात झालीच होती, तर ते सांगत गेले. "छोटी सायकल मला देऊन ते म्हणाले, बस. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. मला बसता येईना. मग मी ती हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, जरा विचार करावा म्हणून. अप्पा बाहेर आले, तर मी टोकाला उभा, हातात सायकल. सायकल तिथवर पोचली म्हणजे चालवतच नेली असणार, दुसरं काही त्यांच्या डोक्यातच येईना. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, सगळी गल्ली गोळा केली. मी बोलणार होतो रे. पण त्यांनी रंगाचा डबा उघडला होता."

बेबीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं दादांना वाटलं, पण ती हसत होती. आणि मग दोन्ही करत होती.

नानांना हसू आलं नाही. "निम्म्या गावाला मी शिकवलं," ते म्हणाले. "एका हातानं पंक्चर काढत दुसऱ्या हातानं पोरं धरली. त्या पोस्टमनला नोकरी लागत नव्हती, त्याला आठ दिवसांत शिकवलं. आणि माझा सख्खा भाऊ... मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"लाज वाटत होती."

"कोणाची?"

"तुझीच. तू चार वर्षांचा होतास."

नानांनी खिशातून फडकं काढून पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "बरं, नंतर? अप्पा मोठ्या सायकलीवर शिकवायला तयार होते की सगळ्यांना."

"अप्पांचा हात सुटायचा," दादा म्हणाले. "आठवतं? सीटला मागून धरायचे, आणि न सांगता मध्येच सोडून द्यायचे. तुम्हाला त्याचीच मजा वाटायची. मला त्या सुटण्याचीच धास्ती होती. पुढे काय होईल याची नाही. तो कधी सुटेल हे कळायचं नाही, त्याची."

नाना त्या नव्या सायकलीपाशी गेले आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ती कळ कुठाय?"

"कुठली?"

"जी दाबून चालत होतास."

ठमीनं दाखवली. नानांनी ती दाबली, सायकल पुढे निघाली. सोडली, थांबली. पुन्हा दाबली. तीनदा, चारदा. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. चाकाचा आउट सापडला की व्हायचा, तसा झाला.

"दाबून धरली की ढकलते. एकसारखी ढकलते. आणि बोट बसणाऱ्याचं." ते दादांकडे वळले. "म्हणजे हा हात सुटत नाही, दादा. तू सोडशील तेव्हाच सुटेल. ठमे, पंधरा नंबरचा पाना आण."

"कशाला?"

"पेडल काढायला. पहिल्या दिवशी पेडल नको, नडगीला लागतात. नि सीट पार खाली घे, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि हे चेनचं झाकण काढ, मध्ये येतंय."

"बाबा, डावं पेडल उलटं फिरतं हं."

"मला शिकव!" नाना गरजले, आणि त्या गरजण्यात रविवारचा सगळा राग संपून गेला.

मागच्या गल्लीत दादा सायकलवर बसले. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा सीट त्यांच्या हाताखाली नव्हती. नाना शेजारी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. "मी धरणार नाही. म्हणजे सोडायचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. बेबी दहा पावलांवर हात पसरून उभी राहिली.

"तू बाजूला हो आधी," दादा म्हणाले. "तुझ्या अंगावर येईन."

"ये की! अठ्ठावीस वर्षं लोकांच्या हाडांची काळजी घेतली, माझी मी घेईन."

त्यांनी कळ दाबली. सायकल निघाली. दोन्ही पायांनी ते जमीन चाचपत राहिले. मग एक पाय उचलला, मग तो टेकून दुसरा. मग हँडलला आपलं स्वतःचं मत आहे असं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते जुन्या टायरांच्या ढिगात सावकाश, जवळजवळ सभ्यपणे, आडवे झाले.

"लागलं?"

"नाही," टायरांतून आवाज आला. "हँडल डावीकडे ओढतं. वहीत लिहायचं राहिलं."

"हँडल नाही, तू ओढतोस. लांब बघ, चाकाकडे नको. तिकडे, गल्लीच्या टोकाला बघ."

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई हवा भरायला आल्या. पाठोपाठ दोघी मुख्याध्यापिका. दादांचा जीव अर्धा झाला. ज्या गर्दीला ते जन्मभर टाळत आले ती हीच. पण कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघितलं, काय ते ओळखलं, आणि नानांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही येत नाही हो. कोणाला सांगत नाहीत. त्यांनाही अशी शिकवाल का?"

"माझ्या बहिणीलाही," एक मुख्याध्यापिका म्हणाली. दुसरीनं तिच्याकडे चमकून बघितलं. "बहिणीला म्हणजे मला," पहिली म्हणाली. "मी तीनचाकी घेणार होते. शर्यतीत मी मागे का राहते असं वाटलं तुला? म्हणायला येते, पण ब्रेक धरूनच चालवते मी."

नानांनी फडक्यानं मान पुसली. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, म्हणजे ते खूश होते.

आठव्या खेपेला दादांनी दोन्ही पाय उचलले आणि ते खाली आलेच नाहीत. कळीवर अंगठा घट्ट होता. मागून कोणीतरी ढकलत होतं आणि सोडत नव्हतं. ते लांब बघत राहिले, नानांनी सांगितलं तसं. आणि लांब होतं ते गल्लीचं टोक, जवळ येत येत शेवटी समोर येऊन उभं राहिलं. तिथे त्यांनी पाय टेकले. याच जागी ते सहा वर्षांचे असताना सायकल हातात धरून उभे होते. मागे वळून पाहिलं तर सगळी गल्ली गोळा झालेली होती. आता सांगायचं राहिलेलं काही नव्हतं.

येताना मात्र सवयीनं ते उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले.

"बसून ये, बसून!" बेबी तिकडून किंचाळली.

ते बसून आले. ठमीनं काचेवर बोट टेकवलं. "जास्तीत जास्त वेग, आठ."

"आठ?" नाना म्हणाले. "उतार असेल."

"गल्ली सपाट आहे, बाबा. काकांनी पाय मारले जमिनीला."

कामाच्या खोलीत नानांनी ठमीच्या हातातून कागद घेतले, दोन्ही घड्या उलगडल्या आणि तळहातानं सपाट केल्या. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "दादानं टाकीचा चढ चढवलेला नाही. तोवर ही काचेत लागणार नाही." ठमीनं तोंड उघडलं. "थांब. पण शिकवायला तर ती लागेलच. म्हणजे परत पाठवता येणार नाही. म्हणजे सही करावी लागेल. मी काय करू? माझा नाइलाज आहे."

"तुझा नाइलाज मला पाठ आहे," बेबी म्हणाली. "माझ्या मोटारीची कुरकुर बघतोस का आता?"

"आत आण ती. बाहेर कशाला लावलीस?"

दादा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी फळीवरचा तांबड्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला मागितला. त्यांचा हात छापखान्यातला, वळणदार. 'सहा' या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ ओढली आणि समासात, म्हणजे पंपाच्या नळीशेजारी, लिहिलं : बहात्तर.

"अप्पांचं अक्षर खोडलंस," नाना म्हणाले. आवाज चढा नव्हता.

"खोडलं नाही. खालचं वाचता येतंय बघ. दुरुस्ती अशीच करतात."

रंग वाळेपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले. भावजय कप गोळा करत होती. दादांजवळून जाताना ती वाकली आणि त्यांच्या उजव्या पायाकडे बघू लागली. पँटीवर आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, बोटभर लांबीचा काळा वंगणाचा डाग होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "पँट धुवायला टाका. लगेच घासला तर जाईल."

दादांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ही एवढी धुवू नकोस."